नवमीच्या पाटावर

बाजारात भुट्टे आले की मला राग येतो.

भुट्ट्यांचा काही दोष नाही. ते बिचारे दर भादव्यात येतात. हातगाडीवर ढीग लागतो, बाई निखाऱ्यावर पुठ्ठ्यानं वारा घालत बसते, भाजलेल्या दाण्यांचा आणि लिंबाचा वास आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या गल्लीत शिरतो, आणि मला वाटतं, अरे भिया, कोणाला विचारून आलात? ज्या घरात भुट्ट्याचा कीस करणारी राहिली नाही, त्या घरासमोरून तरी गाडी गुपचूप न्या. पण ऋतूला लाज नसते. गणपती गेले, पाऊस थकला, दुपारचं ऊन पाठीला चावायला लागलं, मागच्या भिंतीजवळ गुलबास फुलली, की समजायचं पितृपक्ष लागला. पूर्वी हा पंधरवडा माझ्यासाठी नुसता वडे-खिरीचा होता. आता त्यात माझं माणूस आहे, माझी बायको. यंदाची तिची नवमी परवा आहे, आणि मी आत्तापासून भांडायच्या तयारीत बसलो आहे. भांडण होईल असं नाही. पण तयारी असावी.

मी सातवीपर्यंत शिकलो. सांवेर रोडवरच्या कारखान्यात लेथ मशीनवर जन्म गेला. आमचे आजे-पणजे संस्थानच्या पागेत घोडे सांभाळायचे, मी मशीन सांभाळली, आणि आता म्हातारपणी एक पोर सांभाळतो. तिन्हीत अवघड काम कोणतं हे मला विचारा. घोडा निदान थकतो.

पोर म्हणजे बिट्टो. माझ्या मुलीची, रेणूची मुलगी. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण त्या नावानं हाक मारून बघा, ढुंकून पाहणार नाही. ती मांडीवरची असताना रेणू तिला घेऊन भोपाळहून आली, ती परत गेली नाही. का आली ते मी इथे लिहिणार नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे. दारात रिक्षा थांबली तेव्हा रेणूच्या आईनं एक प्रश्न विचारला नाही. तिच्या कडेवरची पोर आपल्या कडेवर घेतली आणि म्हणाली, गीझर चालू आहे, आधी आंघोळ कर. बस, एवढंच. मी मागे उभा होतो, तोंडात नको नको ते प्रश्न भरलेले. ते सगळे गिळले. बायको काही बोलत नाही म्हटल्यावर आपण कोण?

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बायको गेली. सकाळी पापड वाळत घातले, दुपारी म्हणाली छातीत जड वाटतं, आणि संध्याकाळी पापड गच्चीवरच राहिले होते.

रेणूची सकाळ बघाल तर लेथ तुम्हाला सोपी वाटेल. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातानं बिट्टोची चड्डी धरलेली, कारण चड्डी घालायची की नाही यावर दोघींचं एकमत नाही. कुकरची शिट्टी झाली की बिट्टोही शिट्टी वाजवते, तोंडात दूध असताना. स्कूटीची चावी तांदळाच्या डब्यात सापडते आणि एक चप्पल देव्हाऱ्यात. रेणू ऑफिसात हिशेब बघते. तिथे लोकांना वाटत असेल, या बाईच्या ओढणीवर रोज नवी नक्षी कशी असते. नक्षी कसली, हळदीची पाच बोटं. बिट्टोचा पहिला शब्द आई नाही, आबा पण नाही. छेव. पोह्यावर शेव पाहिजे, भातावर शेव पाहिजे, एकदा औषधाच्या चमच्यावर मागितली. इंदूरची पोर आहे, शंका नको. तिच्या आजीचंही तसंच होतं. वरणात पण शेव घालायची आणि मी बघितलं की म्हणायची, तुमचं काय जातं.

रेणू गेली की दिवस आमच्या दोघांचा. गल्लीतली पोरं हिंदी बोलतात, म्हणून बिट्टो माझ्याशी अर्धं हिंदीच बोलते. आबा, चलो ना. आबा, उठो ना. माझे गुडघे काय हिंदी समजतात? पण उठतो. ती पुढे, मी मागे, गल्लीच्या टोकाला गाय असते तिला नमस्कार, कुत्र्याला नमस्कार, एका मोटरसायकलला रोज नमस्कार. दुपारी ती झोपते तेव्हा घर असं गप्प होतं, की मी मुद्दाम भांडं वाजवतो. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला या वयात पोर सांभाळायला लावलं. त्या लोकांना माझी ती दुपार एकदा ऐकवली पाहिजे.

वरच्या मजल्यावर वहिनी राहतात, माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन फार वर्षं झाली. मुलगा आहे, सून आहे, पण एवढं घर वहिनींना पुरत नाही, खालचंही त्या गॅलरीतून चालवतात. पोरीच्या पायात चपला उलट्या आहेत. पोरीला ऊन लागतंय. पोरगी गुटगुटीत नाही, आईचं लक्ष नोकरीत. शेवटचं वाक्य मोठ्यानं, म्हणजे स्कूटी काढणाऱ्या रेणूला ऐकू जाईल असं. आणि तरी बिट्टोला ताप आला की रात्रभर उशाशी वहिनीच. माणूस एका रंगाचं नसतं हे मला कळतं. पण गॅलरी मात्र त्यांची एका रंगाची.

रेणूची आई मराठी घरातली, पण वाढली देवासकडच्या खेड्यात. त्यामुळे पितृपक्षात ती संजा काढायची. माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची चित्रं करतात ना, चंद्र, सूर्य, फुलांचे आकार, आणि शेवटी किल्ल्यासारखा मोठा कोट, ती संजा. रेणू लहान होती तेव्हा फ्रॉकच्या ओच्यात गुलबासच्या आणि गुलतेवडीच्या पाकळ्या आणायची, आई शेणाच्या रेघा ओढायची, रेणू त्यावर पाकळ्या दाबायची. संध्याकाळी पोरी जमून गाणी म्हणायच्या. मी ड्यूटीवरून यायचो, हाताला ऑइलचा वास, आणि मागच्या भिंतीला शेणाफुलांचा. वहिनी तेव्हाही वरून म्हणायच्या, आपल्यात हे नसतं. रेणूची आई खालून म्हणायची, आता आहे.

आता बाजारात छापलेली संजा मिळते. कागदाची. चिकटवा आणि फाडा.

गेल्या वर्षी याच दिवसांत रेणू बिट्टोला मागच्या ओट्यावर खिचडी भरवत होती. दोन घास आत, आणि मग बिट्टोनं दोन्ही पंजे खिचडीत बुडवले आणि त्याच भिंतीवर फाडफाड उमटवले. रेणूनं हात उगारला. मी म्हटलं, मारू नको, आजीची भिंत आहे, पोर ती पुढे चालवून राहिली आहे. रेणूनं हात खाली घेतला आणि भिंतीकडे बघत बसली. पिवळे पंजे वाळून पापुद्रे झाले तरी दिवाळीपर्यंत तिनं ते धुतले नाहीत.

आता नवमीचं सांगतो.

बायको नवऱ्याआधी गेली तर तिचं श्राद्ध पितृपक्षातल्या नवमीला करतात. अविधवा नवमी. त्या दिवशी गेलेलीच्या नावानं एका सवाष्णीला पाटावर बसवायचं, जेवू घालायचं, कुंकू, बांगड्या, साडी. रेणूच्या आईचं वर्षश्राद्ध झालं आणि गेल्या भादव्यात तिची पहिली नवमी आली. वहिनींनी सगळी आखणी केली. गुरुजी सांगितले, समोरच्या पाटणकर काकूंना सवाष्ण सांगितलं. आणि मग जिन्यात मला थांबवून हळूच म्हणाल्या की, त्या दिवशी रेणूला जरा मागेच राहू द्या. स्वयंपाक करू दे, पण वाढायला पुढे नको. गळ्यात काही नाही, नवऱ्याचं घर सोडलेलं. सवाष्णीसमोर बरं दिसत नाही.

हळूच म्हणजे वहिनींचं हळूच. रेणू स्वयंपाकघरात होती. तिनं ऐकलं.

संध्याकाळी बिट्टोला मांडीवर थोपटता थोपटता तिनं मला सांगितलं की, ऑफिसजवळ एक खोली बघितली आहे. पितृपक्षात कोणी घर बदलत नाही, तो संपला की जाईन. मी विचारलं, पोरीला दिवसभर कोण बघणार? म्हणाली, पाळणाघर आहे. मी विचारलं, आणि मला? ती थोपटत राहिली. बिट्टो कधीच झोपली होती.

तर असं. त्या नवमीला माझ्या बायकोचं श्राद्ध होतं आणि माझी मुलगी, नात घरातून जाणार होत्या, आणि दोन्ही गोष्टींत लोक मला समजावत होते की हे असंच असतं.

समजावण्याची मला चीड आहे. रेणूची आई गेली तेव्हा तिला हिरवी साडी नेसवली, कपाळभर कुंकू लावलं, बायका रांगेनं आल्या, तिच्या पाया पडल्या. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, नशीबवान हो, भरल्या कुंकवानं गेली. एक नाही, सगळ्या. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. कसलं नशीब? तिला बिट्टोला चालताना बघायचं होतं. पोर तेव्हा टेबल धरून उभी राहायची, पाऊल टाकत नव्हती. पोरीला इथल्या लालबागच्या मेळ्यात पाळण्यात बसवायचं होतं. ते राहिलं, पापड राहिले, आणि नशीब काय, तर मी जिवंत आहे. मी. ज्याला गॅस पेटवल्यावर काडी कुठे टाकायची कळत नाही. माझ्या जिवंत असण्याचा तिला काय फायदा झाला, कोणी सांगा.

नवमीला सकाळपासून घरात तळणीचा वास. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं रेणूनं केलं. कमरेला पदर खोचून. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. गुरुजी स्कूटरवरून आले, अगदी तरुण पोरगा, आणखी घरं करायची होती त्याला. संकल्पात विचारलं, काकूंचं नाव? आयुष्यभर मी तिला नावानं हाक मारली नाही. अगं ऐकलंस का, एवढ्यावर संसार झाला. त्या दिवशी घसा साफ करून म्हटलं, शालिनी. मागून बिट्टो म्हणाली, छालिनी. मग पुढचा मंत्र होईपर्यंत तेच म्हणत राहिली, छालिनी, छालिनी, जशी कोणाला खेळायला बोलावते आहे.

दोन पानं वाढली. एक गेलेलीचं. त्यावर मी कोपऱ्यात चिमूटभर शेव ठेवली. वहिनींनी पाहिली, म्हणाल्या, बाजारची शेव, श्राद्धाच्या पानावर? मी म्हटलं, पान तिचं आहे. दुसरं पान सवाष्णीचं, त्याला पाट, पाटाभोवती रांगोळी, शेजारी समई. पाटणकर काकू हातपाय धुवायला मागे गेल्या. तेवढ्या वेळात बिट्टो गेली, पाटावर बसली, वडा उचलला, खिरीत बुडवला आणि खाल्ला.

उष्टं झालं, वहिनी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या. रेणू धावत आली, बिट्टोला उचलायला गेली, तर पोर फळीसारखी ताठ. उचलली की किंचाळते, ठेवली की खाते. शेवटी रेणू तिला समजावायला पाटाच्या कडेला टेकली, एक घास भरवून न्यावं म्हणून.

मी म्हटलं, "बसलीस ना? आता उठू नको."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ते पान सवाष्णीचं आहे."

"मग?"

सगळे गुरुजींकडे बघायला लागले. गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मला विचारलं, काका, ताईंचे यजमान हयात आहेत ना? मग शास्त्राप्रमाणे सवाष्णच. काही अडचण नाही.

"हयात आहे," मी म्हटलं. "भोपाळला आहे. मी रोज शिव्या घालतो, तरी हयात आहे."

मागच्या दारात पाटणकर काकू पदरात हसल्या. शास्त्र वहिनींचं होतं आणि ते आज दुसऱ्या बाजूनं बोललं होतं. मला वाटलं, काम झालं. पण रेणू उठून उभी राहिली.

"त्याच्या जिवंत असण्यावर मी इथे बसणार नाही, बाबा," ती म्हणाली. "तो आहे म्हणून पाटावर, नसता तर मागच्या खोलीत. नको मला. काकूंना बसू दे."

एवढं बोलून ती बिट्टोला उचलायला वाकली. आणि मी वहिनींकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत. भाऊ गेला त्या वर्षापासून प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक ओटीला त्या त्याच जागी उभ्या असतात. ज्या नियमानं बाईला उंबऱ्याआड ठेवलं, त्याच नियमाची चौकीदारी तिलाच दिली, आणि ती इमानदारीनं करत आली. कारखान्यात मी असे सुपरवायझर पाहिले आहेत. त्यांचा राग पण येतो आणि राग आला की पुढे काही सुचत पण नाही.

मग माझं डोकं फिरलं. मला भाषण येत नाही. जे आलं ते असं.

"ऐका. रेणूची आई नशीबवान, का तर मी जिवंत. रेणू सवाष्ण, का तर तो जिवंत. आणि ही नवमी पण मी आहे तोवरच. मी मेलो की तिचं पान बंद. म्हणजे बाईनं मेल्यावर सुद्धा नवऱ्याच्या श्वासावर जेवायचं. बाई आहे का, पट्टा थांबला की बंद पडणारी मशीन? हा नियम मी केला नाही. पण आज मी जिवंत आहे, तर आजची नवमी माझी आहे. रेणू, नवऱ्याच्या नावावर बसू नको. आईच्या नावावर बस. तिनं तुला दारात प्रश्न विचारला होता का?"

समईची वात तडतडली, बिट्टोनं दुसरा वडा घेतला. रेणू उभी होती, तिचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी पाकळ्या सांडल्या की व्हायचा तसा. आणि मग ती बसली. पाटावर, मधोमध, बिट्टोला मांडीत घेऊन.

पाटणकर काकू म्हणाल्या, मला भूक लागली आहे, मला कुठेही बसवा. त्यांनीच तिच्या शेजारी सतरंजी ओढली. त्यांनीच रेणूला कुंकू लावलं. मी काकूंसाठी आणलेली हिरवी साडी रेणूच्या हातात दिली, तर काकू म्हणाल्या, बरं झालं, असला हिरवा मला शोभत नाही. गुरुजी भराभर दोन वडे खाऊन पुढच्या घरी गेले. रेणू जेवत होती आणि रडत होती, आणि बिट्टो तिच्या तोंडात बोटानं खीर कोंबत होती, ज्या बोटांना सकाळपासून काय काय लागलं होतं देव जाणे.

वहिनी न जेवता वर गेल्या. मी थांबवलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बोललेलं मागे घ्यायचं, हे मला कधी जमलं नाही, आणि आता शिकायचं वय नाही.

दुपारी रेणू मागच्या ओट्यावर भांडी घासत होती, जेवणानंतर नेसलेली हिरवी साडी तशीच, पदर कमरेला. फोन वाजला. हात साबणाचे, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. खोलीवाला होता. दुसरी पार्टी आली आहे, हां किंवा ना, आत्ता सांगा, म्हणत होता. मी दारात उभा होतो. तोंडात नको नको ते शब्द भरलेले. ते सगळे गिळले.

"नहीं भैया," रेणू म्हणाली, "कमरा नहीं चाहिए. मेरा घर है."

त्यानं विचारलं, पक्का? ती म्हणाली, पक्का. आणि परत भांडी घासायला लागली, जरा जोरात.

वर गॅलरीत वहिनी उभ्या होत्या. केव्हापासून, माहीत नाही. म्हणाल्या, "पोरीला वर पाठव गं. तेल लावते. अंग बघ कसं कोरडं पडलंय."

रेणूनं बिट्टोला जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलं. ती हातापायांवर चढायला लागली, मध्येच थांबून प्रत्येक पायरीशी काहीतरी बोलत. वहिनी वरच्या टोकाला वाकून हात पुढे करून उभ्या. रेणू खालून म्हणाली, काकू, तुमचं ताट पाठवते वर.

"वर नको," वहिनी म्हणाल्या. "हिला झोपवते आणि खाली येऊन जेवते. आणि ऐक, तो पाट राहू दे. उचलू नको."